पैसा घरी यायला लागलेली वर्षे

1922 साली भारत सरकारने दोन अधिकाऱ्यांपुढे एक प्रश्न ठेवला. या देशाच्या नोटा आणि तिकिटे याच देशात छापता येतील का? एक होते लेफ्टनंट कर्नल जी. एच. विलिस, मुंबईच्या टांकसाळीचे प्रमुख. दुसरे एफ. डी. अॅस्कोली, सरकारी छपाई आणि स्टेशनरी सांभाळणारे. दिल्लीत एक छोटा छापखाना मांडून त्यांनी 1922-23च्या हिवाळ्यात प्रत्यक्ष छपाई करून पाहिली, इंग्लंडमधले छापखाने पाहून आले आणि कळवले की हे काम इथे होऊ शकते. मग जागेचा शोध सुरू झाला. हवा फार दमट नको, कारण कागद ओलाव्याने फुगतो. मुंबईपासून फार लांब नको, आणि मुख्य रेल्वेमार्गावर हवी. अशा सगळ्या अटींतून नाशिक रोड निघाले.

या गोष्टीत मला विलिस यांची निवड फार महत्त्वाची वाटते. धातू वितळवणाऱ्या, तोलणाऱ्या आणि ठोकणाऱ्या टांकसाळीच्या प्रमुखाला कागदाच्या पैशाचा प्रश्न सोडवायला सांगितले गेले. ते योग्यच होते. काम एकच आहे, हे टांकसाळीतल्या माणसाला सांगावे लागत नाही. आत आलेले आणि बाहेर गेलेले यांचा हिशोब जुळला पाहिजे, आणि तयार झालेला नग कुणी कितीही पारखला तरी खोटा ठरता कामा नये. पुढे हेच विलिस नाशिकच्या छापखान्याचे प्रमुख झाले. पण टांकसाळ आणि छापखाना एका कंपनीत यायला 2006 साल उजाडावे लागले.

ती कंपनी म्हणजे सिक्युरिटी प्रिंटिंग अँड मिंटिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया. 13 जानेवारी 2006 रोजी तिची नोंदणी झाली. तोवर अर्थ मंत्रालयाच्या खात्याचा भाग असलेली नऊ ठिकाणे तिच्याकडे आली: मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा इथल्या चार टांकसाळी, नाशिकचे दोन छापखाने, देवासचा नोटांचा छापखाना, हैदराबादचा सुरक्षा छापखाना आणि नर्मदेकाठच्या होशंगाबादची (आताचे नर्मदापुरम) कागद गिरणी. संपूर्ण मालकी भारत सरकारची. आपण रोज हाताळतो ती नाणी, बऱ्याचशा नोटा, पासपोर्ट, टपाल तिकिटे, महसुली तिकिटे हे सगळे इथून येते. आणि फारसे कुणाच्या ध्यानात नसलेले आणखी एक काम इथे चालते, ते म्हणजे सोने शुद्ध करण्याचे.

कंपनीचे वय वीस वर्षांच्या आसपास असले तरी तिच्या पोटातला इतिहास दोनशे वर्षांचा आहे. तो वाचताना एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा जाणवते. देशाच्या स्वातंत्र्याला आपण एक तारीख सांगतो. पैशाच्या स्वातंत्र्याला तशी एक तारीख सांगता येत नाही. ते तुकड्यातुकड्याने आले. आधी छपाई आली, मग चिन्ह आले, मग कागद, मग शाई, आणि प्रत्येक तुकड्याला वर्षेच्या वर्षे लागली.

सुरुवात 1861 सालच्या कागदी चलनाच्या कायद्यापासून करायला हवी. त्याआधी नोटा काढण्याचा अधिकार कलकत्ता, मुंबई आणि मद्रास इथल्या इलाखा बँकांकडे होता. कायद्याने तो सरकारने आपल्याकडे घेतला. नोटा मात्र इंग्लंडमध्ये छापल्या जात. कागद तिथला, हाताने बनवलेला. छपाई तिथली, एकाच बाजूला. सुरुवातीच्या नोटांवर राणीचे चित्र, आणि नोट जहाजाने इकडे यायची. त्या काळात एक विलक्षण पद्धत होती. मोठ्या रकमेची नोट टपालाने पाठवायची तर तिचे दोन तुकडे करत. अर्धा आधी पाठवायचा, तो पोहोचल्याची पोच आली की दुसरा अर्धा. दोन्ही जुळले की नोट पुरी. इतक्या सावधपणाने वागवला जाणारा कागद परक्या बंदरातून येत होता. जहाजाला उशीर झाला, युद्ध पेटले, तर काय करायचे याचे उत्तर कुणाकडे नव्हते.

युद्ध पेटलेच. पहिल्या महायुद्धात चांदीचा इतका तुटवडा पडला की रुपयाचे नाणे पाडणे अवघड झाले. म्हणून 30 नोव्हेंबर 1917 रोजी एक रुपयाची नोट आली आणि लगोलग 1918च्या सुरुवातीला अडीच रुपयांची. अडीच रुपयांची नोट आज ऐकायलाही नवल वाटते. ती अडचणीतून जन्मली आणि थोड्याच वर्षांत नाहीशी झाली. विलिस आणि अॅस्कोली यांच्यापुढचा प्रश्न याच धड्यातून आला असणार, असे मी मानतो.

नाशिक रोडला इंडिया सिक्युरिटी प्रेस 1925 साली उभी राहिली. तिकिटांपासून काम सुरू झाले. 1928 साली शेजारीच करन्सी नोट प्रेस आली आणि पाच रुपयांची नोट भारताच्या भूमीवर छापली गेली. 1932 पर्यंत देशातल्या सगळ्या किमतींच्या नोटा नाशिकला छापल्या जाऊ लागल्या. चार वर्षांत एवढी मजल मारणे ही साधी गोष्ट नव्हती. परक्या सरकारने आपल्या सोयीसाठी काढलेला कारखाना होता, हे खरे. पण यंत्रांवर उभे होते ते नाशिक रोड, देवळाली आणि आसपासच्या गावांतले लोक. कोरीव ठशाची छपाई, क्रमांक घालणे, कागदाची मोजदाद हे कसब त्यांच्या हातांत बसले. पुढे सरकार बदलले तेव्हा हे कसब कुठून आणावे लागले नाही.

दुसऱ्या महायुद्धात या कसबाची परीक्षा झाली. जपानने भारतीय नोटांची नक्कल केली, आणि ती चांगल्यापैकी केली. त्यावर तोड म्हणून जलचिन्ह बदलले, राजाचा एका बाजूने दिसणारा चेहरा जाऊन समोरून दिसणारा आला, आणि भारतीय नोटेत पहिल्यांदाच सुरक्षा धागा घातला गेला. आज उजेडात धरून आपण जो धागा शोधतो त्याची सुरुवात एका शत्रूच्या कारागिरीमुळे झाली.

मग 1947. नाशिकने 21 नोव्हेंबरला स्वतंत्र भारताचे पहिले तिकीट दिले: साडेतीन आण्यांचे, तिरंग्याचे, ‘जय हिंद’ अक्षरांचे. पण पुढच्याच वर्षी 15 ऑगस्टला गांधीजींची जी तिकिटे निघाली ती छापली गेली स्वित्झर्लंडमध्ये. ज्यांनी आयुष्यभर स्वदेशी सांगितली त्यांचे तिकीट परदेशातून छापून आणावे लागले, कारण तशा दर्जाची फोटोग्रॅव्ह्युअर, म्हणजे छायाचित्रासारख्या छटा उमटवणारी छपाई तेव्हा नाशिकला नव्हती. हे वाचून मला आजही वाईट वाटते. 1952 साली कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब आणि रवींद्रनाथ यांची तिकिटे निघाली ती नाशिकलाच, याच नव्या पद्धतीने छापून. चार वर्षांत ती उणीव भरून निघाली.

याच काळातली एक गोष्ट मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ करते. फाळणी झाली तेव्हा पाकिस्तानला स्वतःचा छापखाना नव्हता, स्वतःची मध्यवर्ती बँकही नव्हती. काही महिने रिझर्व्ह बँक दोन्ही देशांचे काम पाहत होती. 1 एप्रिल 1948 पासून पाकिस्तानात ज्या नोटा चालू झाल्या त्या आपल्याच नोटा होत्या. तेच राजाचे चित्र, तीच भारतीय अधिकाऱ्यांची सही, आणि त्यावर इंग्रजीत ‘गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान’, उर्दूत ‘हुकूमत-ए-पाकिस्तान’. या नोटा नाशिकला छापल्या गेल्या. त्या दिवसांत काय चालले होते ते आठवून पाहावे. काश्मीरमध्ये लढाई. पाकिस्तानला द्यायच्या 55 कोटींवरून दिल्लीत वाद, गांधीजींचे उपोषण, आणि मग 30 जानेवारी. आणि इकडे नाशिक रोडला पाळी सुरू झाल्यावर माणसे यंत्रापाशी उभी राहून दुसऱ्या देशाचे नाव नोटांवर उमटवत होती. नुकत्याच वेगळ्या झालेल्या शेजाऱ्याला बाजारात व्यवहार करायला पैसा लागतो. तो तुम्ही छापून देता, नीट मोजून देता, त्यात खोट ठेवत नाही. त्या वर्षाचा इतिहास सांगताना ही गोष्ट क्वचितच कुणी सांगतो. मला ती त्या वर्षातल्या थोड्या चांगल्या गोष्टींपैकी एक वाटते. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून पाकिस्तानच्या स्वतःच्या नोटा निघू लागल्या, लंडनच्या कंपनीकडून छापून घेतलेल्या.

आखाती देशांतही आपला रुपया बरीच वर्षे चालत होता. 1959 साली त्यांच्यासाठी वेगळ्या रंगांच्या खास नोटा काढल्या, हज यात्रेकरूंसाठीही वेगळ्या छापल्या. 1961 साली कुवेतने स्वतःचे चलन आणले, मग बाकीचेही एकेक करून बाजूला झाले, बहुतेक 1966च्या अवमूल्यनानंतर.

स्वतंत्र भारताची पहिली नोट 1949 सालची, एक रुपयाची. राजाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. एक रुपयाची नोट आजही इतर नोटांहून वेगळी आहे. ती भारत सरकार काढते, तिच्यावर अर्थसचिवाची सही असते आणि धारकाला अमुक रुपये अदा करण्याचे वचन तिच्यावर नसते. बाकीच्या नोटांवर ते वचन रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर देतात. 1943 साली त्या पदावर पहिला भारतीय बसला तो आपल्या रायगडातला, चिंतामणराव देशमुख. नोटेच्या मागच्या बाजूला पंधरा भाषांची जी उभी पट्टी असते तिच्यात मराठी आठवी. लहानपणी नवी नोट हातात आली की मी आधी ती ओळ शोधत असे.

माझे मामा प्रेसमध्ये होते. नाशिक रोडला ‘प्रेस’ एवढेच म्हणतात, कोणती ते सांगावे लागत नाही. नेहरूनगरच्या वसाहतीत ते राहत. घरी कामाबद्दल अवाक्षर काढत नसत. आम्ही पोरे विचारायचो, मामा, रोज किती नोटा बघता? ते म्हणायचे, मी नोटा बघत नाही, कागद बघतो. निवृत्त झाल्यावर एकदा थोडे बोलले, तेही मोजणीबद्दल. चांगल्या तावाइतकीच बिघडलेल्या तावाचीही किंमत असते, असे ते म्हणाले. एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर जाताना प्रत्येक ताव मोजला जातो. छपाई बिघडली, कोपरा फाटला, शाई पसरली, तरी तो ताव हिशोबात धरायचा आणि मोजूनच नष्ट करायचा. एक कमी भरला तर सगळे जण थांबायचे. ‘आपल्यावर संशय नसतो, पण आपण संशयाच्या बाहेरही नसतो,’ हे त्यांचे वाक्य माझ्या कायमचे लक्षात राहिले. आयुष्यभर अशा जागी उभे राहून काम करायला मनाची कोणती ताकद लागत असेल, याचा विचार मी पुष्कळदा करतो.

छपाई देशात आली तरी कागद इंग्लंडचाच होता, स्वातंत्र्यानंतर वीस वर्षे. होशंगाबादची सिक्युरिटी पेपर मिल 1968 साली सुरू झाली. नोटेचा कागद कापसाचा असतो, लाकडाच्या लगद्याचा नाही. म्हणून तो घामाने, पाण्याने, चुरगळण्याने लवकर हार मानत नाही. जलचिन्ह कागद बनतानाच त्याच्या अंगात उमटते, ते नंतर छापता येत नाही. नक्कल करणाऱ्याला नेमके तिथेच अडायला होते. 1974 साली देवासला बँक नोट प्रेस सुरू झाली, तिथेच शाईचा कारखानाही आला. कोरीव ठशाच्या छपाईत जबर दाबाखाली कागद ठशाच्या खाचांत शिरतो आणि शाई उंच उठून बसते. कोऱ्या नोटेवरून बोट फिरवल्यावर लागतो तो खरखरीतपणा याचाच. 1996च्या महात्मा गांधी मालिकेत याच उठावाने अंधांना ओळखता येतील अशा खुणा दिल्या गेल्या. नोटेच्या सगळ्या सुरक्षा उपायांत मला ही खूण सर्वांत माणुसकीची वाटते.

तरी परावलंबन संपले नाही. 1990च्या दशकाच्या उत्तरार्धात मागणी इतकी वाढली की काही नोटा परदेशी कंपन्यांकडून छापून घ्याव्या लागल्या. संसदेच्या समितीने पुढे त्यावर कडक ताशेरे ओढले, आणि ते ओढायलाच हवे होते. त्याच सुमारास रिझर्व्ह बँकेने आपली वेगळी कंपनी काढून म्हैसूर आणि सालबोनी इथे छापखाने उभारले. कागदाची आयात त्यानंतरही चालूच राहिली. 2010 नंतर म्हैसूरला दोन्ही सरकारी कंपन्यांनी मिळून कागदाची नवी गिरणी काढली, होशंगाबादला 2015 साली नवी यंत्रणा आली, तेव्हा कुठे पारडे इकडे झुकले.

मुद्रांक घोटाळ्याचा उल्लेख टाळून हा इतिहास पुरा होणार नाही. नाशिकच्या छापखान्यातून लिलावात काढलेली जुनी यंत्रे तेलगीच्या हाती गेली आणि त्याने खोट्या मुद्रांकांचा बाजार देशभर पसरवला. भंगार म्हणून विकलेल्या यंत्रातही छपाईची ताकद शिल्लक असते, एवढी साधी गोष्ट कुणीतरी दुर्लक्षिली. त्याची शिक्षा ते यंत्र प्रामाणिकपणे चालवलेल्या कामगारांच्या नावाला बट्टा लागण्यात झाली. उलट 8 नोव्हेंबर 2016 नंतर सारा देश रांगेत उभा असताना नाशिक आणि देवासच्या कामगारांनी सुट्या सोडून, जादा पाळ्या करून पाचशेच्या नोटा छापल्या. त्या निर्णयाबद्दल मते काहीही असोत, त्या आठवड्यांत यांचे उपकार झाले हे मान्य करावे लागते.

आता सोन्याकडे वळतो.

मुंबईची टांकसाळ रिझर्व्ह बँकेच्या समोर, फोर्टात आहे. कॅप्टन जॉन हॉकिन्स यांनी 1824 ते 1829 या काळात ती बांधली, वाफेची यंत्रे इंग्लंडहून आली. मुंबईत पाडलेल्या नाण्यावर सालाखाली हिऱ्याची बारीक खूण असते. 1918 साली, युद्धामुळे, लंडनच्या टांकसाळीची शाखाच इथे उघडली गेली आणि सॉव्हरिन नावाची सोन्याची नाणी मुंबईत पाडली गेली, सुमारे 13 लाख. त्यांवर इंडियाचे पहिले अक्षर ‘आय’ असे. पुढच्याच वर्षी ती शाखा बंद झाली. 

टांकसाळीत शुद्ध होणारे सोने येते कुठून? विमानतळांवर आणि बंदरांवर जप्त झालेले, देवस्थानांनी ठेवींच्या योजनांत दिलेले, बँकांकडून आलेले. त्यात लगडी असतात, बिस्किटे असतात, आणि तितकेच दागिनेही. दागिन्यात डाक (सांधे जोडायचा धातू) असतो, लाख असते, तांबे-चांदीची भेसळ असते. आधी आटणी होते. सगळे मुशीत वितळवून एकजीव केले जाते, म्हणजे नमुना कुठूनही घेतला तरी कस सारखा लागतो. नमुन्याची परीक्षा आगीने होते. शिशाबरोबर सच्छिद्र पेल्यात तापवले की तांब्यासारखे हीन धातू शिशासह पेल्यात मुरतात, वर सोन्या-चांदीचा थेंब उरतो. नायट्रिक आम्लात चांदी विरघळते, सोने राहते. तोलून कस काढायचा. आगीच्या परीक्षेची ही हजारो वर्षांची रीत अजून जुनी झालेली नाही.

शुद्ध करण्याच्या मुख्य रीती दोन. 1867 साली सिडनीच्या टांकसाळीत मिलर यांनी शोधलेल्या रीतीत वितळलेल्या सोन्यातून क्लोरीन वायू सोडतात. चांदी, तांबे, जस्त क्लोरीनशी संयोग पावून वर तरंगतात किंवा धुरासारखे उडून जातात, आणि शंभरात साडेनव्याण्णव शुद्धतेचे सोने खाली उरते. त्यापुढे जायचे तर हॅम्बर्गच्या एमिल वोलविल यांची 1874ची विजेची रीत. अशुद्ध सोन्याचा पत्रा आम्लद्रावात टांगून वीज सोडायची. सोने कणाकणाने सुटून पलीकडच्या पत्र्यावर जमते आणि शुद्धता 99.99वर पोहोचते. ही रीत संथ आहे. सोने कित्येक दिवस द्रावात अडकून राहते, आणि सोने अडकणे म्हणजे पैसा अडकणे. म्हणून आधी क्लोरीन, मग गरज असेल तेवढ्यापुरती वीज. कामाच्या जागेची धूळ, मुशींचे तुकडे, चिमणीतली काजळी, काहीही फेकले जात नाही. आपल्याकडच्या सराफ पेठांत झारेकरी दुकानांपुढची माती धुऊन सोन्याचे कण काढतात, तोच हिशोब इथे कारखान्याच्या मापाने चालतो.

जप्तीच्या सोन्याचे मोल 1991 साली देशाला कळले. परकीय चलन संपत आले होते. मे महिन्यात तस्करांकडून जप्त केलेले 20 टन सोने स्टेट बँकेमार्फत स्वित्झर्लंडच्या बँकेला विकले गेले, परत घेण्याच्या बोलीवर. जुलैत रिझर्व्ह बँकेने आणखी सुमारे 47 टन सोने विमानांनी इंग्लंडला पाठवले आणि त्याच्या तारणावर सुमारे 40 कोटी डॉलर उचलले. चोरून आणलेले सोने आधी कामी आले, मग घरचे. अठरा वर्षांनी, 2009 साली, त्याच रिझर्व्ह बँकेने नाणेनिधीकडून 200 टन सोने विकत घेतले. आणि 2023-24 या वर्षात इंग्लंडमध्ये ठेवलेले सुमारे 100 टन सोने मायदेशी परत आणले. कागद घरी आला, शाई घरी आली, आता सोनेही येत आहे.

पण एक काम उरले आहे. 2015च्या नोव्हेंबरात सरकारने सुवर्ण ठेवींची नवी योजना आणली, तिच्याबरोबर अशोकचक्राचे सोन्याचे नाणे काढले, ते याच कंपनीने पाडले. योजनेला लोकांचा प्रतिसाद थंडच राहिला. घरातले सोने आटवायला देणे आपल्याला जड जाते, आणि आईच्या पाटल्या मुशीत जाणार म्हटल्यावर ते जड जाणारच. दुसरीकडे, लंडनच्या बाजारात बिनचौकशी स्वीकारली जाईल अशी लगड बनवण्याची मान्यता भारतात मिळाली ती हरियाणातल्या एका संयुक्त कंपनीला. दोनशे वर्षांची टांकसाळ पदरी असताना सरकारी शुद्धीकरणाने ती मान्यता मिळवण्याचा ध्यास घ्यावा, असे मला मनापासून वाटते. जगाच्या बाजारात आपल्या हिऱ्याच्या खुणेची लगड चालली पाहिजे.

2028 साली करन्सी नोट प्रेसला शंभर वर्षे होतील. त्या निमित्ताने बहुधा टपाल तिकीट निघेल, नाणे निघेल, दोन्ही हीच कंपनी बनवेल. त्याबरोबर एक गोष्ट व्हावी. निवृत्त कामगारांना बसवून, गोपनीयतेला धक्का न लावता, त्यांचे बोलणे टिपून घ्यावे. 1948 साली पाकिस्तानचे नाव छापणारे हात आता नाहीत, त्यांना कुणी विचारले नाही. पण देवासला पहिली नोट निघताना तिथे असलेले लोक आज सत्तरी-ऐंशीत आहेत. होशंगाबादच्या गिरणीत शिकलेले आहेत, टांकसाळीत मुशीपुढे उभे राहिलेले आहेत. त्यांच्याकडे जायला अजून वेळ आहे, फार नाही.